सीजीआय स्क्रिप्ट : दोषशोधन

सीजीआय स्क्रिप्ट : वेब सर्व्हरवर ठेवलेली व ब्राउझरकडून मागणी आली म्हणजे त्या त्या वेळी चालविली जाणारी आज्ञावली. तिच्या प्रदानातून तयार होणारे पान सर्व्हर मागणी करणाऱ्याकडे पाठवितो. तयार पान नुसते उचलून देणे आणि मागणीनुसार पान घडवून देणे या दोन कामांतील फरक या आज्ञावलीमुळे पडतो. सीजीआय हे ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. सर्व्हरने आज्ञावलीला माहिती कशी द्यावी व तिच्याकडून उत्तर कसे घ्यावे, यासंबंधीचा तो एक करार होय. अशी स्क्रिप्ट चालेनाशी झाली म्हणजे तिचे कारण हुडकून काढण्याच्या पद्धतीला दोषशोधन म्हणतात. या दोषांचे वैशिष्ट्य असे की, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या यंत्रावर ती बिनचूक चालत असते आणि सर्व्हरवर मात्र मुळीच चालत नाही. याचे कारण दोष बहुधा आज्ञावलीच्या तर्कात नसतो. सर्व्हर, संगणकाची परिचालन प्रणाली, इंटरप्रिटर (मजकूररूप आज्ञांचा अर्थ लावून त्या अमलात आणणारी दुभाषी आज्ञावली) आणि खुद्द स्क्रिप्ट या चौघांत होणाऱ्या देवघेवीत तो असतो.

इतिहास : सीजीआयचा उगम १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील नॅशनल सेंटर फॉर सुपरकॉम्प्यूटिंग ॲप्लिकेशन्स या संस्थेत झाला. तेथील रॉब मॅकूल यांनी लिहिलेल्या ‘एचटीटीपीडी’ या सर्व्हरमध्ये ही सोय प्रथम आली. या सर्व्हरच्या सुधारित आवृत्तीतून १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर निर्माण झाला आणि सीजीआयचा प्रसार त्याच्याबरोबर झाला. करार कोणत्याही एका संगणकीय भाषेशी बांधलेला नव्हता. तरी लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पर्ल ही भाषा मजकूर हाताळण्यात विशेष कुशल असल्यामुळे आरंभीच्या काळात बहुसंख्य स्क्रिप्ट तिच्यात लिहिल्या गेल्या. कराराची १·१ ही आवृत्ती प्रत्यक्षात कितीतरी आधीपासून रूढ होती. तिचे ‘आरएफसी ३८७५’ हे व्यवस्थित लिखित रूप मात्र ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती : ब्राउझरची मागणी आली म्हणजे सर्व्हर प्रथम पत्त्यातील नावावरून फाइल कोणती ते ठरवितो. ती फाइल स्क्रिप्टसाठी राखून ठेवलेल्या फोल्डरात (रूढ नाव ‘सीजीआय-बिन’) असेल किंवा तिच्या नावाच्या शेपटावरून ती स्क्रिप्ट असल्याचे सर्व्हरला सांगितलेले असेल, तरच ती चालविली जाते. मग सर्व्हर परिचालन प्रणालीला एक नवी प्रक्रिया सुरू करण्यास सांगतो. मागणीचा तपशील (मागणीची पद्धत, पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर, ग्राहकाचा अंकीय पत्ता इ.) तो या प्रक्रियेला परिसर-चलांच्या रूपाने देतो. परिसर-चल म्हणजे प्रक्रिया जन्मतःच आपल्याबरोबर घेऊन येते ती नावे व त्यांची मूल्ये. भरलेल्या अर्जातील मजकूर असल्यास तो प्रमाणित आदानातून दिला जातो. स्क्रिप्ट आपले उत्तर प्रमाणित प्रदानावर लिहिते. उत्तराच्या आरंभी मजकुराचा प्रकार सांगणारी किमान एक हेडर ओळ, त्यानंतर एक कोरी ओळ व मग प्रत्यक्ष पान असा क्रम सक्तीचा आहे. उत्तर देऊन झाले की प्रक्रिया संपते. पुढील मागणीला सर्व काही पुन्हा नव्याने सुरू होते.

या साखळीतील कोणताही दुवा तुटला, तरी ग्राहकाला दिसणारे चित्र जवळजवळ सारखेच असते. सर्व्हर तीन अंकी संकेतांक पाठवितो. ४०४ म्हणजे त्या नावाची फाइल सापडली नाही. ४०३ म्हणजे फाइल आहे, पण मनाई आहे. ५०० म्हणजे सर्व्हरच्या अंतर्भागात काही बिघाड झाला. यांपैकी ५०० हा संकेतांक सर्वांत अधिक भेडसावणारा आणि सर्वांत कमी माहिती देणारा आहे. ही संदिग्धता निष्काळजीपणाची नसून हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. बिघाडाच्या तपशिलात फाइलींचे मार्ग, माहितीसंचांची नावे, क्वचित परवलीचे शब्दही असतात व ते परक्याच्या हाती पडणे घातक असते. म्हणून खरा तपशील सर्व्हर स्वतःच्या दोषनोंदवहीत लिहितो आणि बाहेरच्या माणसाला केवळ बिघाडाची वर्दी देतो. डेबियन कुळातील लिनक्सवर ही नोंदवही ‘अपाची२’ नावाच्या, तर रेड हॅट कुळातील लिनक्सवर ‘एचटीटीपीडी’ नावाच्या नोंद-फोल्डरात असते. दोषशोधनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा. ती न उघडता स्क्रिप्टमध्ये फेरफार करीत बसणे म्हणजे नाडी न पाहता औषधे बदलीत राहण्यासारखे आहे. आणि या क्षेत्रात काही औषधे किती घातक ठरतात, ते पुढे दिसेल.

नोंदवहीतील ओळीत परिचालन प्रणालीने दिलेले कारण उतरलेले असते. यूनिक्स व लिनक्स या प्रणालींत अशा कारणांना ठराविक क्रमांक आहेत. त्यांपैकी तीन येथे वारंवार भेटतात : क्र. २ ‘अशी फाइल वा फोल्डर नाही’, क्र. ८ ‘चालविण्यायोग्य स्वरूप नाही’ आणि क्र. १३ ‘परवानगी नाकारली’. स्क्रिप्ट सुरूच होऊ शकली नाही, तर बहुधा यांपैकी एक कारण असते. ती सुरू झाली पण मध्येच कोलमडली, तर नोंदवहीत इंटरप्रिटरची स्वतःची तक्रार, ओळीच्या क्रमांकासह, सापडते. हा भेद प्रथम करणे फार उपयोगाचे आहे, कारण पहिल्या प्रकारात स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीपासून पुढचे काहीही तपासण्याची गरज नसते.

पहिली ओळ : यूनिक्समध्ये मजकूररूप फाइल चालवावयाची झाल्यास तिच्या पहिल्या ओळीच्या आरंभी ‘#!’ ही दोन चिन्हे व त्यांपुढे इंटरप्रिटरचा संपूर्ण मार्ग लिहावा लागतो. ही योजना बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी १९८० मध्ये आणली. प्रणालीचा गाभा फाइलचे अगदी पहिले दोन बाइट (दशमान मूल्ये ३५ व ३३) पाहतो. ते जुळले, तर ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर हा मार्ग समजून त्या ठिकाणची आज्ञावली तो सुरू करतो व स्क्रिप्ट तिच्या स्वाधीन करतो. योजना साधी असली, तरी तिच्यात तडजोडीला जागा नाही. इंटरप्रिटर एका यंत्रावर एका फोल्डरात व दुसऱ्यावर वेगळ्या फोल्डरात असेल, तर स्क्रिप्ट हलविताच क्र. २ चे कारण नोंदविले जाते. विंडोज प्रणालीवर अपाची ही ओळ स्वतः वाचतो. त्यामुळे तेथील ‘सी’ चकतीवरचा मार्ग लिहिलेली स्क्रिप्ट तेथे चालते आणि लिनक्सवर आणल्यावर बंद पडते.

याच ठिकाणी एक अदृश्य दोष दडलेला असतो. विंडोजमध्ये मजकुराची प्रत्येक ओळ दोन चिन्हांनी (मूल्ये १३ व १०) संपते, तर यूनिक्समध्ये केवळ एका चिन्हाने (मूल्य १०) संपते. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी यूनिक्स यंत्रावर नेली, तर १३ मूल्याचे चिन्ह इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग ठरते. प्रणाली ‘पर्ल’ शोधीत नाही. ‘पर्ल’ आणि त्याला चिकटलेले एक न दिसणारे अक्षर अशा नावाची फाइल शोधते आणि ती अर्थातच नसते. नोंदवही म्हणते ‘अशी फाइल नाही’. स्क्रिप्ट तर डोळ्यांसमोर असते. वाचणाऱ्याचा समज होतो की न सापडलेली फाइल म्हणजे स्क्रिप्टच. वस्तुतः न सापडलेली फाइल म्हणजे इंटरप्रिटर होय. भरीस भर म्हणजे तीच स्क्रिप्ट पर्लचे नाव आधी लिहून हाताने चालविली, तर ती सुरळीत चालते, कारण तेव्हा प्रणालीला पहिल्या ओळीची गरजच पडत नाही आणि पर्ल ते जादा चिन्ह कोरी जागा समजून सोडून देते. ‘हाताने चालते, सर्व्हरवर चालत नाही’ या तक्रारीमागे हे कारण पुष्कळदा असते. फाइल हस्तांतरणाच्या जुन्या एफटीपी पद्धतीत ‘मजकूर’ व ‘द्विमान’ असे दोन प्रकार असून मजकूर प्रकारात ओळींची टोके आपोआप बदलली जात. द्विमान प्रकार निवडला, की दोष तसाच पलीकडे पोहोचे.

दुसरा अदृश्य दोष देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला अधिक आला. स्क्रिप्टमध्ये मराठी वाक्ये असतील, तर ती यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीने साठवावी लागते. विंडोजमधील नोटपॅड हा संपादक ‘यूटीएफ-८’ असे निवडल्यावर फाइलच्या अगदी आरंभी ओळखीची खूण म्हणून तीन बाइट (२३९, १८७ व १९१) आपणहून घालीत असे. ही रीत २०१९ मधील आवृत्तीपासून बदलली व खुणेविना साठविणे हे मूळ वर्तन झाले. त्यापूर्वीच्या नोटपॅडमध्ये, किंवा आजही खूण घालणाऱ्या एखाद्या संपादकात, साठविलेल्या स्क्रिप्टचे पहिले दोन बाइट ३५ व ३३ उरत नाहीत. प्रणालीच्या दृष्टीने ती फाइल चालविण्यायोग्यच नसते व क्र. ८ चे कारण उतरते. इंग्रजी मजकुराची स्क्रिप्ट चालत होती आणि मराठी वाक्ये घालताच ती थांबली, असा अनुभव आल्यास दोष भाषेला लावण्याचे कारण नाही. तो या तीन बाइटांचा असू शकतो. फाइलचे बाइट अंकांत दाखविणारे कोणतेही साधन वापरले, की दोन्ही दोष क्षणात उघड होतात. नुसत्या डोळ्यांनी पाहून ते कधीच दिसत नाहीत.

परवानग्या : क्र. १३ च्या कारणाचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण येथे घाईने केलेला उपाय सर्वांत महाग पडतो. यूनिक्समध्ये प्रत्येक फाइलीसंबंधी मालक, त्याचा गट व इतर सर्व अशा तीन वर्गांना वाचणे (४), लिहिणे (२) व चालविणे (१) या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात व प्रत्येक वर्गाची बेरीज एका अंकाने दाखवितात. ७५५ म्हणजे मालकाला सर्व काही, इतरांना वाचणे व चालविणे. स्क्रिप्टला साधारणपणे इतके पुरते. सर्व्हर मात्र मालकाच्या नावाने वावरत नाही. तो मुद्दाम अत्यल्प अधिकार दिलेल्या एका स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालतो. म्हणून मालकाला स्वतः स्क्रिप्ट चालविता आली, यावरून सर्व्हरला ती चालविता येईल असे सिद्ध होत नाही. शिवाय केवळ स्क्रिप्टची परवानगी पुरेशी नसून तिच्यापर्यंतच्या मार्गातील प्रत्येक फोल्डरातून पुढे जाण्याची परवानगीही लागते. वाड्याच्या आतल्या खोलीची किल्ली असूनही दिंडीदरवाजा बंद असावा, तसा हा प्रकार आहे. वापरकर्त्याचे घर-फोल्डर इतरांना बंद असणे ही आज सर्वसामान्य व योग्य रीत आहे. उबुंटूनेही २०२१ पासून (आवृत्ती २१·०४) नवी घर-फोल्डरे इतरांसाठी बंद ठेवण्यास सुरुवात केली. त्यामुळे अशा घरात ठेवलेल्या स्क्रिप्ट सर्व्हरला दिसेनाशा होतात.

अशा वेळी सर्व फाइलींना ७७७, म्हणजे सर्वांना सर्व काही, अशी परवानगी देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे येथे अक्षरशः खरे आहे. एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे असतात. तेथे ७७७ दिल्यास कोणत्याही शेजाऱ्याला, किंवा शेजाऱ्याच्या सदोष स्क्रिप्टमधून शिरलेल्या परक्याला, ती फाइल हवी तशी बदलता येते, आणि पुढील मागणीला सर्व्हर तो बदललेला मजकूर निमूटपणे चालवितो. दुसरे असे की हा उपाय पुष्कळदा लागूही पडत नाही. अपाचीच्या १·२ या आवृत्तीपासून (१९९७) ‘सूएक्झेक’ नावाची एक पहारेकरी आज्ञावली मिळते. तिच्यामुळे प्रत्येक स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या अधिकारात चालते. मात्र चालविण्यापूर्वी ती सुमारे वीस गोष्टी तपासते. स्क्रिप्ट किंवा तिचे फोल्डर मालकाखेरीज इतर कोणाला लिहिता येण्याजोगे असेल, तर ती स्क्रिप्ट चालविण्यास साफ नकार देते. म्हणजे ७५५ असताना दुसऱ्याच कारणाने अडलेली स्क्रिप्ट ७७७ केल्यावर त्या कारणाने आणि शिवाय या नव्या कारणाने अडते. सूएक्झेकची नोंदवही वेगळी असल्यामुळे मूळ नोंदवहीत तिच्या नकाराचे खरे कारण सापडत नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.

अंक बरोबर असूनही परवानगी नाकारली जाते, अशी आणखी दोन उदाहरणे आहेत. फाइल ज्या विभागावर आहे तो ‘येथील काहीही चालवू नये’ अशा अटीने जोडलेला असू शकतो. किंवा एसई-लिनक्स ही अधिक कडक संरक्षणयोजना चालू असू शकते. रेड हॅट कुळातील प्रणालींत ही योजना सामान्यतः चालू असते. तिच्यात प्रत्येक फाइलीला एक वर्गपट्टी लावलेली असते व सर्व्हरला केवळ ठराविक पट्टीच्या फाइली स्क्रिप्ट म्हणून चालविता येतात. घर-फोल्डरातून उचलून आणलेली फाइल जुनी पट्टी घेऊनच येते. तिला योग्य पट्टी लावणे हा एका आज्ञेचा उपाय असताना संपूर्ण संरक्षणयोजनाच बंद केली जाते, हे खेदजनक आहे.

हेडर ओळी : स्क्रिप्ट सुरू झाली, चालली, तरीही ५०० आला व नोंदवहीत ‘प्रिमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’, म्हणजे ‘हेडर ओळी अकाली संपल्या’, अशी नोंद दिसली, तर तिचा अर्थ इतकाच की, कोरी ओळ येण्याआधीच स्क्रिप्टचे बोलणे संपले. ती काहीच न बोलता मरण पावली असेल, तरी हीच नोंद होते. त्यामुळे हे निदान नसून लक्षण आहे व खरे कारण त्याच्या वरच्या ओळीत शोधावे लागते. याउलट ‘हेडर ओळ विकृत आहे’ अशी नोंद आल्यास स्क्रिप्टने हेडरच्या आधी दुसरेच काही लिहिले असे समजावे. पुष्कळदा तपासासाठी म्हणून घातलेले एखादे मुद्रणवाक्यच हा गोंधळ करते.

यातील एक प्रकार विशेष चकविणारा आहे. स्क्रिप्टने प्रथम हेडर लिहिली व नंतर दुसरी एखादी आज्ञावली बोलावून तिचे प्रदान त्याच वाटेने पाठविले, तरी सर्व्हरला दुसऱ्या आज्ञावलीचे प्रदान आधी मिळू शकते. पर्लसारख्या भाषा प्रदान लगेच न पाठविता एका साठ्यात जमवितात व साठा भरल्यावर किंवा शेवटी एकदम रिता करतात. पडद्यावर लिहिताना हा साठा ओळीगणिक रिता होतो, म्हणून हाताने चालविताना क्रम बरोबर दिसतो. सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेवर मात्र तसे होत नाही. पर्लमध्ये ‘$|’ या विशेष चलाला १ हे मूल्य दिले, की प्रत्येक लेखनानंतर साठा रिता होतो व क्रम सुधारतो.

परिसरातील फरक : वापरकर्ता संगणकात प्रवेश करतो तेव्हा त्याच्या आवडीनिवडीच्या अनेक फाइली वाचल्या जाऊन आज्ञावल्या शोधण्याचे मार्ग, पूरक ग्रंथालयांची ठिकाणे, भाषा इ. गोष्टी ठरतात. सर्व्हरने सुरू केलेल्या प्रक्रियेला यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून हाताने चालविताना सापडणारे ग्रंथालय सर्व्हरवर सापडत नाही. ‘चालू फोल्डर’ वेगळा असल्यामुळे अपुऱ्या मार्गाने लिहिलेल्या माहिती-फाइलीही सापडत नाहीत. यावर उत्तम परीक्षा म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने व रिकाम्या परिसरात हाताने चालवून पाहणे. ज्याला ही सोय नाही, त्याने केवळ हेडर, कोरी ओळ व एक शब्द लिहिणारी तीन ओळींची स्क्रिप्ट त्याच ठिकाणी ठेवून पाहावी. ती चालली, तर सर्व्हर, पहिली ओळ व परवानग्या या बाबी निकालात निघतात व संशय मूळ स्क्रिप्टवर येतो. ती न चालल्यास मूळ स्क्रिप्ट तूर्त निर्दोष ठरते.

बाइट व अक्षरे : अर्जातून आलेल्या मजकुराची लांबी सर्व्हर एका परिसर-चलात सांगतो व ती बाइटांत असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून ५ चिन्हे म्हणजे १५ बाइट होतात. स्क्रिप्ट हा आकडा अक्षरांचा समजून तितकी अक्षरे वाचू लागली, तर ती कधीही न येणाऱ्या मजकुराची वाट पाहत राहू शकते व अखेर सर्व्हर मुदत संपल्याचे सांगून तिचा नाद सोडतो. उलट स्क्रिप्टने आपल्या उत्तराची लांबी अक्षरांत मोजून कळविली, तर निव्वळ देवनागरी मजकुराचे पान एक-तृतीयांशावर तुटते. इंग्रजीत ज्यांच्यात फरक पडत नाही, अशा दोन गोष्टी एक समजल्याचा हा परिणाम होय. हेडर ओळीत मजकुराचे संकेतन न सांगितल्यास पान पूर्ण येते, परंतु अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात.

सुरक्षा : न चालणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा चालण्याऐवजी उघडी पडणारी स्क्रिप्ट अधिक धोक्याची असते. फाइल स्क्रिप्ट आहे असे सर्व्हरला सांगितलेले नसेल किंवा त्याचा सीजीआय घटक भारित केलेला नसेल, तर तो तिला साधा मजकूर समजून जशीच्या तशी ग्राहकाला देतो. संकेतांक २०० म्हणजे ‘यशस्वी’ असतो, नोंदवहीत तक्रार नसते आणि स्क्रिप्टमधील माहितीसंचाचा परवलीचा शब्द जगजाहीर होतो. दुरुस्ती करताना संपादकाने मागे ठेवलेल्या, नावाचे शेपूट बदललेल्या जुन्या प्रतीही अशाच वाचता येतात. दोषाचा तपशील नोंदवहीऐवजी थेट ब्राउझरमध्ये दाखविण्याची पर्लच्या ‘सीजीआय::कार्प’ या घटकातील सोय तपासापुरती उपयुक्त आहे. काम संपल्यावर ती काढून टाकणे राहून गेले, तर ५०० या संकेतांकाने झाकलेले सर्व पुन्हा उघडे होते.

सीजीआयच्या इतिहासात गाजलेले दोष याच देवघेवीच्या सांध्यांवर उद्भवले. एनसीएसए व अपाची सर्व्हरसोबत नमुना म्हणून मिळणाऱ्या ‘पीएचएफ’ या दूरध्वनी-सूची शोधणाऱ्या आज्ञावलीत ग्राहकाच्या मजकुरातील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करताना नव्या ओळीचे चिन्ह वगळले गेले होते; त्यामुळे परक्याला सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालविता येत. मार्च १९९६ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा देण्यात आला. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ हा बॅश या आज्ञा-दुभाषातील दोष उघड झाला. बॅश परिसर-चलांतील मजकुराचा काही भाग आज्ञा म्हणून चालवीत असे, आणि सीजीआय तर ग्राहकाने पाठविलेल्या हेडर ओळी परिसर-चलांतच घालतो. जुलै २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘एचटीटीपॉक्सी’ या दोषात ‘प्रॉक्सी’ नावाची हेडर ओळ पाठवून, त्याच नावाच्या परिसर-चलावर विसंबणाऱ्या आज्ञावल्यांची बाहेर जाणारी वाहतूक भलतीकडे वळविता येत असे. या तिन्ही उदाहरणांत स्क्रिप्ट ‘चालत’ होत्या. कोणाचीही तक्रार नव्हती.

नंतरच्या पद्धती : प्रत्येक मागणीला नवी प्रक्रिया सुरू करणे खर्चिक असल्यामुळे १९९६ मध्ये ओपन मार्केट या कंपनीने ‘फास्टसीजीआय’ हा करार पुढे आणला. त्यात आज्ञावली सतत जागी राहते व मागण्या तिच्याकडे एकामागून एक जातात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एन्जिनएक्स या सर्व्हरने मूळ सीजीआयची सोय ठेवलीच नाही. तेथे ५०० ऐवजी ५०२ (पलीकडील आज्ञावलीकडून योग्य उत्तर आले नाही) व ५०४ (उत्तर वेळेत आले नाही) हे संकेतांक अधिक भेटतात, आणि नोंदवह्या दोन होतात : एक सर्व्हरची व एक जाग्या आज्ञावलीची. आज्ञावली जागीच असल्यामुळे स्क्रिप्टमध्ये केलेली दुरुस्ती ती पुन्हा सुरू करीपर्यंत लागू न होणे, हा या पद्धतीचा खास चकवा आहे. पर्लसोबत १९९७ पासून मिळणारा सीजीआय घटक २०१५ मधील ५·२२ या आवृत्तीतून व पायथनमधील त्याच नावाचा घटक २०२४ मधील ३·१३ या आवृत्तीतून वगळण्यात आला. अपाचीमधील मूळ सोय मात्र कायम असून यंत्रांची देखरेख, संस्थांतर्गत लहान कामे व जुनी संकेतस्थळे यांसाठी तिचा वापर होतो.